लिस्बनची तारली

आमच्या ह्यांना जेवताना बघायला लोक यायचे असं सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, आशाबाई फेकतात. पण विचारा रोल्लातल्या कुणालाही. शारजात रोल्ला चौकाच्या मागच्या गल्लीत आमची बिल्डिंग, आणि शुक्रवारी दुपारी आमच्या घरी दोन-चार पानं जास्तच वाढलेली असायची. तिकडे सुट्टी शुक्रवारची. हे सकाळी उठून खाडीवरच्या मासळी बाजारात जायचे, कल्ले उघडून बघायचे, कोळ्याशी मोडक्या अरबीत भांडायचे, शेवटी "खलास, हबीबी" म्हणून पिशवी उचलायचे. घरी आले की कालवण मी करायचं आणि चुका ह्यांनी काढायच्या. तिरफळं कमी, कोकम जास्त, खोबरं जाड वाटलंस. मी म्हणायची, "अहो, एवढं कळतंय तर हा घ्या डाव."

नाव दत्तप्रसाद. गाव वेंगुर्ला. नोकरी टाइल्सच्या कंपनीत स्टोअरकीपरची, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात. आयुष्यभर पोर्तुगालहून आलेली लाद्यांची खोकी उतरवून घेतली. खोक्यावर लिस्बनचा शिक्का असायचा. घरी फुटकी लादी आणली तरी पुसून शोकेसमध्ये ठेवायचे, नि मी ती रोज पुसायची. बाकी माणूस साधा. दारू नाही, पत्ते नाहीत. शौक एकच, मासळी.

मी सांगलीची. आमच्याकडे रविवारी मटण शिजायचं, पण समुद्राचा मासा कुणाला ठाऊक? लग्नानंतर वेंगुर्ल्याला पहिल्या जेवणाला सासूबाईंनी पानात तारली वाढली. बोटभर मासा, त्यात सतराशे साठ काटे. मी तो नुसताच इकडून तिकडे फिरवत बसले. समोर सगळं सासर माझ्याकडे बघतंय, घाम फुटला होता मला. ह्यांनी माझ्या पानातली तारली उचलली, अंगठ्याने मधला काटा सरळ ओढून काढला, मांस भातावर ठेवलं आणि म्हणाले, "खा गो. काटो नाय तेच्यात." एरवी घरात ते आपलं पुस्तकी मराठी बोलायचे, पण जेवणाच्या पानावर बसले की मालवणी. तेव्हापासून माझ्या वाटणीचा काटा ह्यांनीच काढायचा, असं ठरूनच गेलं. मी कधी शिकलेच नाही. कशाला शिकू? नवरा होता ना.

आणि अशा माणसाच्या घशात काटा अडकला.

तोही कशाचा, तर सुरमईचा! सुरमईला काटे असतात तरी किती हो? नव्याण्णवच्या जानेवारीतला शुक्रवार. ऑफिसातले दोघे जेवायला होते. हे त्यांना ऐटीत सांगत होते, "मालवणी माणसाच्या नरड्यात काटो अडाकतलो?" आणि वाक्य पुरं व्हायच्या आत डोळे पांढरे. आमच्या लोकांचा उपाय ठरलेला, सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, काटा खाली जातो. ह्यांनी एक गिळला, दोन गिळले, वर केळं गिळलं. काटा खाली गेला नाही, आणखी आत रुतला. खालच्या मजल्यावरच्या मैमुनाबी धावत आल्या. त्या रत्नागिरीच्या, मासळीच्या बाबतीत ह्यांच्या जोडीदारीण. ह्यांना बघून त्या स्वतःच टॅक्सीला हात करायला पळाल्या. हॉस्पिटलात भूल देऊन काटा काढावा लागला.

काटा निघाला. बाटलीत घालून दाखवला डॉक्टरांनी, नखाएवढा. महिन्याभरात घसा बरा झाला. पण ह्यांचं गिळणं बंद झालं ते झालंच. घास तोंडात घ्यायचे, चावायचे, चावतच राहायचे, आणि शेवटी कागदी रुमालात काढून टाकायचे. डॉक्टर म्हणाले, घसा एकदम क्लिअर आहे, ही भीती आहे. आता भीतीला कुठली गोळी देऊ मी? पेज द्यायची. पेजेतलं शीतसुद्धा घोटून. डाळीचं पाणी, ताक, फळांचा रस. सहा महिने! पँटी ढगळ झाल्या, गळ्याचं हाड वर आलं. शुक्रवारची पानं बंद झाली. मासळी घरात आणायची नाही, असं मी ठरवलं. ह्यांच्यासमोर मी कशी खाणार?

समिधा, आमची मुलगी, तेव्हा अकरावीत होती. शाळेतून आली की दारातूनच विचारायची, "मम्मी, डिड ही ईट?" मी म्हणायची, पेज घेतली. त्यावर ती दप्तर ठेवून पेजेचा पेला विसळायला घ्यायची. पोरीचं ते पेला विसळणं मला बघवायचं नाही.

आता गंमत बघा. हे सगळं व्हायच्या आधीच अरबाबने, म्हणजे ह्यांच्या मालकाने, पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल आम्हा दोघांना लिस्बनची तिकिटं कबूल केली होती. राहायची सोय लाद्या पाठवणाऱ्या कंपनीकडून. व्हिसा लागला तो जूनमधला. मी म्हटलं, रद्द करा. ज्या माणसाला भाताचं शीत जात नाही त्याला परदेशात काय खायला घालू? पण अरबाबने ह्यांना केबिनमध्ये बोलावलं, आपल्याकडे ठेवून घेतलेला पासपोर्ट कपाटातून काढून हातात दिला आणि म्हणाला, "यल्ला, दत्ता, जा. इन्शाल्ला तिकडे बरा होशील." मालकाला नाही कसं म्हणायचं? समिधाची परीक्षा होती, तिला मैमुनाबींकडे ठेवलं आणि आम्ही निघालो.

मी निघाले ती सगळं स्वयंपाकघर घेऊन. राइस कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, सुंठ, रवी. हो, रवीसुद्धा! पेज घोटायला नको? हे म्हणाले, "आशा, आपण युरोपला चाललोय." मी म्हटलं, "पोट पण युरोपलाच येतंय ना?"

लिस्बनला उतरलो तर त्यांची कसलीशी राष्ट्रीय सुट्टी. दुकानं बंद. आमची खोली आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत, चढणीच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. घरमालकीणबाई साठीच्या, गोल बांध्याच्या, नाव लुर्देस. काळा झगा घालून दारात उभ्या, हसल्या की सगळं अंग हसायचं. आमच्या सावंतवाडीच्या बाजारात खपून गेल्या असत्या. इंग्रजी अगदी चार शब्द.

खोलीत शिरले आणि पहिलं काम केलं ते कुकर काढायचं. ह्यांच्या पोटात विमानातल्या रसापलीकडे काही नव्हतं. आणि भिंतीकडे बघते तर काय, दोन गोल भोकं! आमच्या कुकरला तीन चौकोनी पिना. आता शारजात कुठलाही प्लग कुठेही बसतो. इंडियाहून आणलेला दोन पिनांचा असला तरी आम्ही वरच्या भोकात पेनाचं टोक खुपसतो, खालची दोन उघडतात, बसला प्लग. तिकडच्या घरोघरी सॉकेटजवळ एक मोडकं पेन असतंच. मी तशी पर्समध्ये पेन घेऊनच आले होते. इतकी मी हुशार! पण पेन खुपसायला तिसरं भोकच नाही. मी पेन हातात धरून पलंगावर बसले आणि रडायला लागले. सांगायला लाज कसली, रडले.

लुर्देसबाई वर आल्या. कुकर बघितला, पेन बघितलं, माझं तोंड बघितलं. मग कुकरकडे बोट करून मान हलवली, खोलीत शिजवायचं नाही. मी खाणाखुणांनी सांगायला गेले. ह्यांच्या गळ्याकडे बोट, मग मासा पोहतो तसा हात, मग काटा. त्यांना काय कळलं देव जाणे. पण ह्यांच्या ढगळ शर्टाकडे बघून त्यांनी माझा हात धरला आणि सरळ खाली आपल्या स्वयंपाकघरात नेलं. टोपात सूप रटरटत होतं. मी विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "बटाटा." मला वाटलं माझे कान वाजले. पण खरंच त्यांच्यात बटाट्याला बटाटाच म्हणतात, आणि पावाला जवळजवळ पावच! उकडून घोटलेला बटाटा, त्यात हिरवा पाला अगदी केसासारखा बारीक चिरलेला. वर सॉसेजची चकती होती ती मी काढायला लावली. ह्यांनी वाटी तोंडाला लावली, पाला बाजूला सारून रस प्यायले, आणि वाटी पुढे केली. पुन्हा! मग बाईंनी थाळीत तांदळाची घट्ट खीर आणली, वर दालचिनीच्या पुडीची नक्षी. मी चमचा घेऊन घोटायला सरसावले तर हे म्हणाले, "राहू दे." आणि अर्धा चमचा तसाच खाल्ला. शितांसकट. आपण कौतुक करायचं आणि दृष्ट लागायची. मी आपली खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी कार्ड घालून फोन केला. समिधाने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "मम्मी, डिड ही ईट?"

"खीर खाल्ली. शितांसकट."

"रिअली?" पोरीचा आवाज एकदम लहानपणीचा झाला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आम्हाला सुट्टीची सवय, आणि इथे सगळं शहर कामाला चाललेलं. हे म्हणाले, "बघ, लोक शुक्रवारी कामं करतायत बिचारे." किती दिवसांनी विनोद केला ह्यांनी! पिवळ्या ट्रॅममध्ये बसलो. ती ट्रॅम घरांना इतकी चाटून जाते की कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीला माझा हात लागला. आणि भिंती म्हणजे काय सांगू? घराबाहेर लाद्या! आपण लाद्या पायाखाली घालतो, फार तर न्हाणीघरात. इथे चर्चवर, स्टेशनात, चांभाराच्या दुकानावर, निळ्या, पिवळ्या, हिरव्या. हे प्रत्येक भिंतीपुढे थांबायचे, हात फिरवायचे. "आशा, हा माल आपल्याकडे आला होता," म्हणायचे. नुसती खोकी मोजण्यात माणसाचं आयुष्य गेलं होतं, त्या लाद्या भिंतीवर कशा दिसतात ते आज बघत होते. एका जिन्यावर उन्हात बसून नदी बघितली. इतकी रुंद की मला समुद्रच वाटला. हे म्हणाले, "वेंगुर्ल्याच्या बंदरासारखा वास आहे." मला खूप बरं वाटलं. वाटलं, हे आता सुटले ह्यातून.

पण इतक्यात कुठलं सुटायला! दुपारी बेलें नावाच्या भागात गेलो. तिथे अंड्याच्या गोड सायीच्या वाट्या मिळतात, गरम, वर भाजल्याचे काळे डाग, खाली कुरकुरीत पापुद्रे. हे चमच्याने आतलं काढून खाऊ लागले. शेजारच्या टेबलावर एक आजोबा पापुद्र्यांसकट दोन घासांत उडवत होते. त्यांचं बघून ह्यांनाही जोर आला. एक तुकडा तोंडात टाकला. चावला, चावला, चावतच राहिले. आणि एकदम तो डोळ्यांतला भाव, जानेवारीतला. हात गळ्याकडे गेला. खुर्ची मागे पडली. सगळं दुकान बघायला लागलं. मी रुमाल धरला, त्यांनी त्यात टाकलं आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. घामाने शर्ट ओला.

परतताना ट्रॅममध्ये म्हणाले, "आशा, आपण परत जाऊ या. मी आता असाच राहणार. तू आणि समिधा जेवत जा नीट. माझ्यापायी तुम्ही पण उपाशी."

माझं डोकंच सटकलं. भर ट्रॅममध्ये ओरडले मी, "गप्प बसा! असाच राहणार म्हणे! आम्ही जेवायचं आणि तुम्ही समोर पेज पिऊन बघायचं? मेलं ते जेवण!" माणसं माना वळवून बघत होती. हे खिडकीबाहेर बघत राहिले. रात्री दोघेही नुसतं सूप घेऊन झोपलो. समिधाला मी फोन केला नाही. काय सांगणार?

शनिवारी सकाळी बघते तर गल्लीचं रूप पालटलेलं. या खिडकीतून त्या खिडकीत रंगीत कागदाच्या पताका. कुणा संताचा सण होता, आंतोनिओ त्याचं नाव. लग्नं जुळवणारा संत म्हणे. सगळीकडे तुळशीसारख्या रोपाच्या इवल्या कुंड्या विकायला, वर कागदी फूल खोवलेलं. मी वाकून वास घ्यायला गेले तर लुर्देसबाई "नाऊं, नाऊं" करत धावल्या. नाकाने हुंगायचं नाही, रोप कोमेजतं. हाताने कुरवाळायचं आणि हाताचा वास घ्यायचा. मला इतकं आवडलं ते! आपल्याकडे तरी देवाचं फूल कुठे कुणी हुंगू देतं? मी हात फिरवला, हुंगला, आणि तो हात तसाच ह्यांच्या नाकाशी धरला. हे हसले थोडेसे.

ऊन उतरायला लागलं आणि धूर सुरू झाला. प्रत्येक दारापुढे शेगडी, कोळसे, आणि त्यावर मासे. मी खोलीत कपडे घडी करत होते. हे पलंगावर पडले होते. वास खिडकीतून आत आला आणि हे उठून बसले. नाक वर. म्हणाले, "तारली."

"काहीतरीच काय?"

"तारली गो! खारवलेली तारली!" आणि चपला न शोधता जिना उतरायला लागले. मी मागे. चार मजले मी कशी उतरले मला आठवत नाही. एकच डोक्यात, ह्या माणसाला सुरमईचा काटा लागला, आणि हा चाललाय तारलीकडे.

खाली लुर्देसबाई शेगडीला वारा घालत होत्या. जाळीवर तारली, आपलीच, चंदेरी, जाड्या मिठात लोळवलेली. हे वाकून बघत होते. मग तोंड कसनुसं करून म्हणाले, "अरे देवा, पोट साफ नाय केलेला! अख्खी भाजतत!"

मी तिथेच जिन्याच्या कठड्याला धरलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ह्यांनी मासळीला नाव ठेवलं होतं.

लुर्देसबाईंना शब्द कळला नाही, पण सूर बरोबर कळला. त्या कमरेवर हात ठेवून तावातावाने पोर्तुगीजमध्ये बोलू लागल्या, हे मालवणीत. तारली कशी भाजावी यावर चांगली खडाजंगी झाली, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं समजत होतं. शेवटी बाईंनी पावाचा जाड तुकडा घेतला, त्यावर जाळीवरची तारली ठेवली आणि ह्यांच्या हातात दिली. ताटली नाही, काटा-चमचा नाही. तसंच खायचं असतं, हाताने.

मी म्हटलं, "अहो, नको. नुसता पाव खा. तेल उतरलंय त्यात."

हे पायरीवर बसले. मासा पावावर तसाच, वाफ येतेय. मी समोर उभी. पुन्हा तेच झालं तर? पुन्हा तो हात गळ्याकडे गेला तर हा माणूस जन्मात घास घेणार नाही, हे मला दिसत होतं. आणि त्यांनाही दिसत होतं.

ह्यांनी कातडी सोलली. अंगठा पाठीच्या रेषेत घातला, आणि मधला काटा शेपटीपासून डोक्यापर्यंत एका ओढीत बाहेर. अंगठा विसरला नव्हता. मांसाचा तुकडा बोटांनी चाचपला, एकदा, पुन्हा एकदा. तोंडात घातला. चावला. चावत राहिले. डोळे मिटले. मी रुमाल काढला, पण पुढे केला नाही. गळ्याचं हाड वर आलं, थांबलं, आणि खाली गेलं.

डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मीठ जास्त झाला."

मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही केलं. लुर्देसबाईंनी मला छातीशी धरलं, त्यांच्या झग्याला कोळशाचा वास येत होता. हे दुसरा घास घेत होते. मग तिसरा. तेल भिनलेला पावही खाल्ला, कडेच्या कडक कवचासकट, सावकाश. गल्लीत गाणी सुरू झाली होती, पोरं पताकांखाली नाचत होती. कुणीतरी ह्यांना चेरीच्या गोड दारूचा एवढासा पेला देऊ केला. ह्यांनी हात जोडून नाही म्हटलं आणि जाळीकडे बोट केलं. आणखी एक तारली!

मी शेजारी पायरीवर टेकले. छातीवरचा धोंडा उतरला तशी मला जाणवली भूक. केवढी भूक! सहा महिन्यांची. लुर्देसबाईंनी माझ्याही हातात पाव आणि तारली ठेवली. मी त्या तारलीकडे बघत बसले, वेंगुर्ल्याला बसले होते तशीच. इकडून बोट लावते, तिकडून लावते.

ह्यांनी आपलं खाणं थांबवलं. तेलाचा हात शर्टाला पुसला. शर्ट गेला तो गेलाच. माझ्या पावावरची तारली उचलली, काटा ओढून काढला, मांस उजेडाकडे धरून नीट बघितलं आणि पावावर ठेवलं.

"खा गो. काटो नाय तेच्यात."

मी खाल्लं. खरंच नव्हता.